एंटर दाबायच्या आधी

२०२३ च्या जानेवारीत एका दुपारी आमच्या फाउंड्रीतला वजनकाटा बंद पडला. काटा स्वतः ठीक होता, पण केबिनमधला कॉम्प्युटर सर्व्हरशी बोलेना. त्यामुळे चलन निघेना, आणि चलन नाही म्हणजे गाडी हलत नाही. पाठोपाठ स्टोअरचा फोन आला, मग ऑफिसचा, मग क्वालिटीचा. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना मध्यम आकाराचा. मोल्डिंग, मशीन शॉप, डिस्पॅच आणि ऑफिस मिळून पन्नासेक कॉम्प्युटर आणि त्याहून जास्त कॅमेरे. आयटीला मी एकटीच. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तिथं लागले ती प्रिंटर, अँटिव्हायरस आणि ईआरपीचे, म्हणजे कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचे, पासवर्ड सांभाळायला. नेटवर्क आपोआप चालतं, असंच मी धरून चालले होते.

सर्व्हर रूममध्ये गेले तर नेटवर्कच्या स्विचवरचे, म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन जोडल्या जातात त्या डब्यावरचे, सगळे हिरवे दिवे एकदम, न थांबता फडफडत होते. एरवी प्रत्येक दिवा आपल्या तालात लुकलुकतो. त्या दिवशी सगळ्यांचा ताल एकच झाला होता. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मी सर्व्हर रिस्टार्ट केला, राउटर रिस्टार्ट केला, इंटरनेट देणाऱ्यांना फोन लावला. बाहेर गाड्यांची रांग गेटच्या पुढं रस्त्यापर्यंत गेली. शेवटी ओळखीतल्या एका इंजिनिअरनं फोनवर सांगितलं, "मॅडम, एकेक केबल काढत जा. कुठली काढल्यावर दिवे शांत होतात ते बघा." अकरावी केबल काढली आणि सगळं शांत झालं. ती केबल कॅन्टीनच्या वरच्या खोलीत जात होती. तिथल्या आठ पोर्टच्या, म्हणजे केबल लावायच्या आठ खाचांच्या, छोट्या स्विचला एक केबल लोंबत होती, ती साफसफाई करताना कुणीतरी नीट लावून ठेवली होती. एक टोक तिसऱ्या पोर्टमध्ये, दुसरं पाचव्या. साडेतीन तास कारखाना त्या हातभर वायरीनं अडवून धरला होता.

रात्री घरी येऊन वाचत बसले. आयपी पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यात, टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटरवर तो एकानं कमी होतो, शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. स्विच ज्या पुडक्या फिरवतात त्या इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. वर्तुळात सापडलेली ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी असलेली, फ्रेम फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीला बाकीच्या सगळ्या पोर्टांतून बाहेर फेकली जाते. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, म्हणजे वर्तुळ करणारी वाट आपोआप बंद ठेवायची पद्धत, रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला. माझ्या जन्माआधीपासून ज्याचं उत्तर जगाला ठाऊक आहे, त्या दुखण्यानं माझा कारखाना थांबला होता आणि मी सर्व्हर रिस्टार्ट करत बसले होते. हे मला फार लागलं. सीसीएनए करायचं, हे त्याच आठवड्यात ठरलं.

सीसीएनए ही नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी तेव्हा ३०० डॉलर आणि वर कर. माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा ही रक्कम जास्त होती. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. कुठल्या भागाला किती वजन, हे कंपनीनंच जाहीर केलेलं आहे: मूलतत्त्वं २० टक्के, स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी जाळी) आणि वायफायचा भाग २०, राउटिंग, म्हणजे पॅकेटची वाट ठरवणं, २५, डीएचसीपी-नॅटसारख्या पत्ते वाटणाऱ्या-बदलणाऱ्या सेवा १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. हा कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कपाटातून कपडे घेताना रोज नजरेस पडायचा.

राजारामपुरीतल्या एका क्लासला नाव घातलं. भिंतीवर 'पास होण्याची गॅरंटी' लिहिलेलं होतं. शिकवणारे सर चांगले होते, पण दुसऱ्या महिन्यात ते सोडून गेले. मग क्लासवाल्यांनी आम्हा सगळ्यांना एक जाडजूड पीडीएफ पाठवली आणि सांगितलं, "एवढं पाठ करा, यातलंच येतंय." त्याला 'डम्प' म्हणतात. परीक्षेतून चोरून बाहेर आणलेले किंवा तसं सांगून विकले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. असं काही वापरताना सापडलं तर सिस्को निकाल रद्द करू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवडे मी ती पीडीएफ खरंच पाठ केली.

सोडली कशी, तेही सांगते. तिच्यात राउटिंग टेबलवरचा, म्हणजे राउटरकडच्या वाटांच्या यादीवरचा, एक प्रश्न होता. त्याच धाटणीचं उदाहरण माझ्या आकड्यांत असं: राउटरकडं १०.१.०.०/१६ ची नोंद ओएसपीएफकडून आलेली, १०.१.५.०/२४ ची आरआयपीकडून (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायच्या या दोन पद्धती), आणि एक डिफॉल्ट राउट, म्हणजे दुसरं काही जुळलं नाही तर धरायची वाट, हातानं घातलेला. पॅकेट निघालंय १०.१.५.९ ला. कुठल्या वाटेनं जाईल? पीडीएफ म्हणत होती ओएसपीएफ, कारण त्याचा विश्वासाचा आकडा ११० आणि आरआयपीचा १२०, आणि कमी आकडा जास्त विश्वासाचा. मला पटलं होतं. पण एका रविवारी पॅकेट ट्रेसरमध्ये, म्हणजे सिस्कोच्या फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरमध्ये, तेच जाळं उभं केलं आणि पॅकेट सोडलं. ते गेलं आरआयपीच्या वाटेनं. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

उत्तर साधं होतं. राउटर आधी बघतो की सगळ्यात नेमका पत्ता कुठल्या नोंदीत आहे, आणि तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितका पत्ता नेमका. एका पाटीवर 'कोल्हापूर' लिहिलंय, दुसरीवर 'राजारामपुरी', तिसरीवर 'राजारामपुरी सातवी गल्ली'. सातव्या गल्लीत जायचं असेल तर माणूस तिसरीच पाटी धरतो, मग ती कुणी का लावलेली असेना. विश्वासाचा आकडा कामाला येतो तो दोन पाट्यांवर अगदी एकच पत्ता असेल तेव्हा. त्या दिवशी पीडीएफ मी मोबाइलमधून काढून टाकली. चोरीचा माल तर होताच, वर खोटाही होता. आणि तो पाठ करणारी मी उद्या कारखान्यात तेच खोटं वापरणार होते, याची मला जास्त भीती वाटली.

मग घरीच अभ्यास. सकाळी पाच ते सात, शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर. सबनेटिंगला, म्हणजे पत्त्यांचे तुकडे पाडायच्या गणिताला, सगळे घाबरतात, मीही घाबरत होते. पुस्तकातली गणितं सुटायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. ती डोक्यात बसली आमच्याच कारखान्याचे पत्ते वाटायला घेतले तेव्हा. १९२.१६८.१०.० चे २५६ पत्ते हातात आहेत असं धरलं. कॅमेरे सत्तर. मशीन शॉप आणि मोल्डिंगची मिळून चाळीस यंत्रं आणि कॉम्प्युटर. ऑफिसचे वीस, डिस्पॅच आणि काट्याचे दहा, आणि दोन राउटरना जोडणारी एक वाट. पहिल्यांदा मी लहानापासून सुरुवात केली, वाटेला पहिले चार पत्ते दिले, डिस्पॅचला त्यापुढचे, आणि तिथंच सगळं अडलं. सोळाचा तुकडा ०, १६, ३२ अशा सोळाच्या पटीवरूनच सुरू होतो. मधल्या कुठल्याही आकड्यावरून उचलता येत नाही. आणि शून्याची जागा मी आधीच चार पत्त्यांसाठी घालवली होती.

वही फाडून पुन्हा मोठ्यापासून मांडलं. कॅमेऱ्यांना /२६ पुरत नाही, त्यातल्या ६४ पत्त्यांतला पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून ६२ च बसतात. म्हणून /२५, शून्यापासून १२७ पर्यंत. कारखान्याला १२८ पासून /२६. ऑफिसला १९२ पासून /२७, त्यात तीस मावतात. डिस्पॅचला २२४ पासून /२८, चौदा. राउटरांच्या वाटेला २४० पासून /३०, बरोबर दोन. शिवाय शेवटी बारा पत्ते शिल्लक. हे जमलं तेव्हा मी खाली जाऊन आईला कागद दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण चौकटी नीट बसल्यात एवढं तिला दिसलं.

त्यानंतर सराव रस्त्यावर. कामावर जाताना सिग्नलला थांबले की पुढच्या गाडीची पाटी बघायची. एमएच ०९, पुढची अक्षरं, मग चार आकडे. शेवटचे दोन घ्यायचे. ४८७३ असेल तर ७३. /२८ चे तुकडे सोळासोळाचे, म्हणजे ७३ हा ६४ ते ७९ च्या तुकड्यात. ६४ नेटवर्कचा पत्ता, ७९ ब्रॉडकास्ट, मधले चौदा वापरायचे. हिरवा दिवा लागायच्या आत सांगता आलं पाहिजे. दोन महिन्यांनी कागद न घेता यायला लागलं. ज्यांना सबनेटिंग जमत नाही त्यांना मी आजही हेच सांगते, कारण पुस्तकातले आकडे टाळता येतात, समोरच्या गाडीचे आकडे माणसाला चुकवता येत नाहीत.

भाषेचा प्रश्नही होता. परीक्षा इंग्रजीत किंवा जपानीत देता येते. आठवी-नववीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेली मी, इंग्रजी वाचते पण विचार इंग्रजीत होत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी मराठीत मोठ्यानं सांगायची सवय लावली. आई भाकऱ्या थापत असायची आणि मी ओट्याशेजारी उभी राहून एआरपी सांगायचे: "एक कॉम्प्युटर सगळ्या खोलीला ओरडून विचारतो, हा पत्ता कुणाचा? ज्याचा असतो तोच उत्तर देतो, माझा, आणि हा माझा मॅक नंबर, बनतानाच मिळालेला. बाकीचे गप्प." आई म्हणाली, "आणि दुसऱ्यानंच खोटं सांगितलं तर?" एआरपी स्पूफिंग नावाचा हल्ला नेमका हाच. स्विचवर त्याच्यासाठी वेगळी तपासणी चालू करता येते, तीही अभ्यासक्रमात आहे. आईच्या त्या एका प्रश्नानं तो धडा मला कायमचा लक्षात राहिला.

जूनमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने स्विच मागवले. सिस्कोचे दोन २९६० मॉडेलचे आणि त्याहून जुना एक २९५०. सिम्युलेटरवर भागतं, स्विच घेतलेच पाहिजेत असं नाही. पण मला खऱ्या यंत्राला हात लावायचा होता. जुलैत पाऊस लागला, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं आणि आमच्या भागातली वीज रोज दोन-चारदा जायची. एका पहाटे तीन व्हीलॅन करून, पोर्ट वाटून, सगळं चालवून बघितलं आणि वीज गेली. चालू कॉन्फिगरेशन, म्हणजे स्विचला दिलेल्या आज्ञा, जतन केलेलं नव्हतं. वीज आल्यावर बघते तर व्हीलॅन तिन्ही जागेवर होते, पण पोर्ट एकही त्यांच्यात नव्हतं, सगळी पोर्टं परत व्हीलॅन एकमध्ये. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलमध्ये राहते आणि कुठलं पोर्ट कुठं, हे कॉन्फिगरेशनमध्ये. हे मी दोनदा वाचलं होतं. समजलं मात्र त्या अंधारात. सिम्युलेटरची वीज जात नाही.

आयपीव्ही६, वायफाय, जेसनचे कंस, अन्सिबल, हे सगळं वाचलं, त्यात फार रमले नाही. ऑगस्टअखेर सराव परीक्षांत चांगले गुण पडायला लागले आणि मी तारीख घेतली. परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते, पण त्याला बंद खोली, मोकळं टेबल, न तुटणारं इंटरनेट आणि न जाणारी वीज लागते. मी पुण्याचं सेंटर घेतलं.

२ सप्टेंबर, शनिवार. पहाटे साडेचारची स्वारगेट एसटी मध्यवर्ती स्थानकावरून धरली. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडं वाहनं तुंबली आणि तासभर तिथंच गेला. सेंटरवर पोचले ती धापा टाकत. ओळखपत्र दाखवायचं असतं आणि नोंदणीत नाव तसंच्या तसं असावं लागतं. आपल्याकडं वडिलांचं नाव कुठं मध्ये, कुठं शेवटी, कुठं नुसतं अक्षर. मी पासपोर्टप्रमाणं नाव टाकलं होतं म्हणून निभावलं. माझ्या पुढच्या मुलाची त्यावरून बरीच विचारपूस झाली. मग फोटो, सही, खिसे उलटे करून दाखवायचे, घड्याळ, मोबाइल, पाकीट सगळं लॉकरमध्ये. आत नेता येते फक्त त्यांनी दिलेली पुसता येणारी पाटी आणि पेन.

प्रश्न काय होते ते सांगणार नाही. सुरुवातीलाच तसा करार मान्य करावा लागतो आणि तो मला योग्य वाटतो. पण कसं झालं ते सांगता येईल. एकदा पुढं गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. मध्ये प्रत्यक्ष आज्ञा टाइप करून सोडवायच्या लॅब असतात. पहिल्याच लॅबमध्ये मी आज्ञा भराभर टाइप केल्या, कारण त्या हाताला पाठ होत्या. मग तपासायला शो, म्हणजे यंत्राची स्थिती दाखवणारी आज्ञा, टाकला आणि स्क्रीनवर जे आलं ते मी घरी बघितलेल्या चित्रासारखं नव्हतं. मी थिजले. पुन्हा शो, पुन्हा तेच. काय चुकलंय यापेक्षा काय दिसायला हवं होतं हेच मला सांगता येईना. पंचवीस मिनिटं तिथं गेली. पुढचे प्रश्न पळत सोडवले आणि शेवटचे काही अंदाजानं.

नापास. पास व्हायला किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही. गुण ३०० ते १००० च्या पट्टीवर मोजतात आणि विभागवार टक्के कळवतात. माझे राउटिंगचे टक्के सगळ्यात कमी होते, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त वजन तेच पडलेलं. परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत मी बाहेरच बघत होते. एका महिन्याचा पगार गेला होता. घरी आईनं काही विचारलं नाही, ताट वाढलं.

पुढच्या आठवड्यात सर्व्हर रूमच्या रॅकला वीज येईना. आमच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे अण्णा आले. तीस वर्षं पॅनलसमोर उभा राहिलेला माणूस. मला शिकायची हौस म्हणून त्यांनी व्होल्टेज मोजायचा मीटर माझ्या हातात दिला. मी तो लावायला गेले तर मनगट धरलं.

"थांब पोरी. लावायच्या आदी सांग, किती दाखवंल?"

"बघू की लावून."

"बघूनच कळणार असतं तर मीटरच फिटर झाला असता. आदी सांग. मग लाव. चुकलं तर कुठं चुकलं ते तुला कळंल. न सांगता लावलास तर नुसता आकडा दिसंल."

मी म्हटलं, फेज आणि न्यूट्रलमध्ये दोनशे तीस व्होल्टच्या आसपास. लावलं तर अठ्ठेचाळीस. अण्णा म्हणाले, "आता बोल. दोनशे तीस पायजे होतं, अठ्ठेचाळीस हाय. म्हणजे फेज येतोय का न्यूट्रल तुटलाय?" न्यूट्रल सैल झाला होता. दहा मिनिटांत काम झालं.

मी त्या मीटरकडं बघतच राहिले. त्या लॅबमध्ये माझं नेमकं काय झालं होतं ते मला तिथं कळलं. सहा महिने मी आज्ञा टाकत होते, स्क्रीन बघत होते, आणि जे दिसलं ते बरोबर असणार असं मान्य करत होते. एकदाही आधी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री नवी दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर मध्ये उभी रेघ. डावीकडं, एंटर दाबायच्या आधी, काय दिसेल ते लिहायचं. उजवीकडं काय दिसलं ते. दोन्ही जुळलं तर पुढं. जुळलं नाही तर पुस्तक न उघडता कारण शोधायचं, आणि ते सापडेपर्यंत दुसरी लॅब घ्यायची नाही. यानं अभ्यास खूप मंदावला. आधी मी रात्रीत चार लॅब उरकायचे, आता एक.

तिसऱ्या दिवशीचं पान अजून माझ्याकडं आहे. तिन्ही स्विच एकमेकांना त्रिकोणात जोडले होते, मुद्दाम लूप करून. डावीकडं लिहिलंय: 'नवा २९६० रूट होईल, कारण तो सगळ्यात वेगवान.' शो स्पॅनिंग-ट्री टाकलं आणि रूट निघाला जुना २९५०. सगळ्यात म्हातारा, सगळ्यात हळू स्विच सगळ्या जाळ्याचा मध्य होऊन बसला होता आणि दोन नव्या स्विचमधली वेगवान वाट बंद पडली होती. कारण शोधायला पाऊण तास लागला. रूटची निवड वेगावर होतच नाही. आधी प्राधान्याचा आकडा बघतात. तो सगळ्यांचा कारखान्यातून येतानाच ३२७६८ असतो, त्यात व्हीलॅनचा क्रमांक मिळवतात. बरोबरी झाली की ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट. आणि आधी बनलेल्या यंत्राचा मॅक बहुतेक वेळा लहान असतो. म्हणजे कुणी लक्ष घातलं नाही तर सगळ्यात जुना स्विचच कारभारी होण्याची शक्यता जास्त. प्राधान्य हातानं कमी करून मी नव्याला रूट केलं, तेही आधी डावीकडं लिहून.

ओएसपीएफनं सगळ्यात जास्त पानं खाल्ली. तीन राउटर, डावीकडं लिहिलेलं 'दोन शेजारी, दोन्ही फुल', म्हणजे पूर्ण जोडलेले. दिसला एकच. पत्ते तपासले, एरिया तपासला, वाइल्डकार्ड मास्क तपासला, सगळं बरोबर. शेवटी इंटरफेसची माहिती दोन्ही बाजूंनी शेजारीशेजारी लिहून काढली. एकीकडं हॅलोची वेळ, म्हणजे 'मी आहे' हा संदेश किती वेळानं पाठवायचा ती, १० सेकंद, दुसरीकडं ३०. चार दिवसांपूर्वीच्या लॅबमध्ये मीच ती बदलली होती आणि जतन करून ठेवली होती. हॅलो आणि डेड (किती वेळ हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं धरायचं) या दोन्ही वेळा दोन्हीकडं सारख्या नसतील तर राउटर एकमेकांना शेजारी मानतच नाहीत, आणि तक्रारही करत नाहीत. पहिल्या खेपेला हेच दृश्य आलं असतं तर मी आज्ञाच पुन्हा टाइप केल्या असत्या.

नापास झाल्यावर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं. मी अकरा आठवडे घेतले. त्यातलं एक कारण अभ्यास आणि दुसरं पैसे. आईची गल्लीतल्या बायकांबरोबर भिशी आहे, ऑक्टोबरचा नंबर तिचा होता. तिनं ती रक्कम माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आता नीट सांगून मग दाब." अण्णांची गोष्ट मी तिला सांगितली होती.

१८ नोव्हेंबर, दिवाळी संपली होती. या खेपेला मी आदल्या दिवशीच निघाले. एसटी परतणाऱ्या लोकांनी खचाखच भरलेली, मांडीवर मावशीसाठी फराळाचा डबा. धनकवडीत मावशीकडं राहिले, रात्री पुस्तक उघडलं नाही, साडेनऊला झोपले. सकाळी सेंटरवर वेळेच्या चाळीस मिनिटं आधी.

पाटी हातात आल्यावर पहिल्यांदा १२८, ६४, ३२, १६ ची ओळ लिहून ठेवली. प्रत्येक लांब प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचली, म्हणजे एक उत्तर हवंय की दोन, 'पहिलं काय कराल' विचारलंय की 'कारण काय', हे आधी कळतं. माझ्यासारख्या इंग्रजी शब्दांवर अडणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. लॅब आली तेव्हा पाटीवर उभी रेघ मारली आणि डावीकडं दोन ओळी मराठीत लिहिल्या. मग टाइप केलं. शो टाकला तर एक ओळ जुळली, एक नाही. या खेपेला न जुळलेली ओळ मला काहीतरी सांगत होती. चार मिनिटांत चूक सापडली, माझीच होती, दुरुस्त केली आणि पुढं गेले. शेवटच्या प्रश्नाला घड्याळात तेरा मिनिटं उरली होती.

पास झाले. बाहेर येऊन आधी आईला फोन केला, मग अण्णांना. अण्णा पाळीवर होते, मागून भट्टीचा आवाज येत होता. त्यांना वाटलं रॅकची वीज गेली. दोनदा सांगावं लागलं.

पगारात लगेच फरक पडला नाही, पण मार्चमध्ये मालकांनी माझा कागद मान्य केला आणि सगळीकडचे मुख्य स्विच मॅनेज होणारे, म्हणजे आज्ञा देता येतील असे, आले. पत्ते मी आईला दाखवलेल्या त्या कागदावरच्या आखणीप्रमाणं वाटले. रूट कोण, ते हातानं ठरवलं. टोकाच्या प्रत्येक पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावला. स्विच प्रत्येक पोर्टमधून स्पॅनिंग ट्रीचा संदेश, बीपीडीयू, बाहेर सोडतो. पुढं कुणी लूप केला असेल तर छोटा साधा स्विच तो संदेश न समजता फिरवून परत पाठवतो, आणि संदेश परत आला की आमचा स्विच ते एकच पोर्ट बंद करतो आणि त्यापुढं 'एरर-डिसेबल्ड' दाखवतो.

जूनमध्ये एका सकाळी कॅन्टीनच्या वरच्या खोलीतून फोन आला, की तिथला कॉम्प्युटर बंद आहे. बाकी कुठूनच फोन नाही. अण्णा योगायोगानं सर्व्हर रूममध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या बघत होते. मी कीबोर्डवर हात ठेवला तसे ते मागून म्हणाले, "काय दाखवंल?"

"अकरावं पोर्ट," मी म्हटलं. "एरर-डिसेबल्ड. बाकी सगळी चालू."

एंटर दाबलं. अकराव्या ओळीत तेच होतं. वर जाऊन छोट्या स्विचची केबल काढली, खाली येऊन पोर्ट बंद करून परत चालू केलं. खिडकीतून काटा दिसतो. डिस्पॅचची एक गाडी वजन करून खाली उतरली होती आणि दुसरी वर चढत होती.